टोर्नेडोची दहा मिनिटं: निवारा, तयारी आणि प्रार्थनेची जागा

२७ मार्च १९९४, झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात पीडमाँट गावाजवळच्या गोशेन युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये सकाळची उपासना चालू होती. साडेअकराच्या सुमारास हवामान खात्यानं त्या भागासाठी टोर्नेडोचा इशारा दिला. चर्चमध्ये तो कुणालाच कळला नाही, कारण सायरन ऐकू येईल इतका जवळ नव्हता आणि उपासनेच्या वेळी रेडिओ किंवा टीव्ही कोण लावणार? दहा-बारा मिनिटांत वादळ चर्चवर आलं, छप्पर आणि भिंती आत कोसळल्या. वीस माणसं गेली. पाळक केली क्लेम यांची चार वर्षांची मुलगी त्यांत होती.

‘देवाच्या दारात असूनही असं का व्हावं?’ हा प्रश्न तेव्हा सगळ्या अमेरिकेनं विचारला. त्याचं धर्मशास्त्रीय उत्तर ज्यानं त्यानं शोधावं. व्यवहारातलं उत्तर मात्र स्पष्ट आहे. इशारा निघाला होता, पण पोचला नाही. आणि माणसं रुंद छपराच्या मोठ्या दालनात बसली होती. टोर्नेडोत त्याहून वाईट जागा कमीच असतात. या घटनेनंतर हवामान रेडिओचं, म्हणजे इशारा निघाला की आपोआप वाजणाऱ्या रेडिओचं, जाळं देशभर वाढवण्याला जोर आला. आज अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला तीस-चाळीस डॉलरमध्ये जो रेडिओ मिळतो, त्याच्यामागे या वीस माणसांची आठवण आहे.

हा लेख त्या दहा मिनिटांविषयी आहे. ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सस, मिसूरी, टेनेसी, अलाबामा या पट्ट्यात आता बरीच मराठी कुटुंबंही राहतात. त्यांच्यातल्या अनेकांना ‘चक्रीवादळ’ या शब्दामुळे पहिल्याच पायरीवर चकवा बसतो.

चक्रीवादळ वेगळं, टोर्नेडो वेगळा

मराठी बातम्यांत दोन्हींना चक्रीवादळच म्हणतात. पण ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं ‘निसर्ग’ समुद्रावर तयार झालं होतं, शेकडो किलोमीटर पसरलं होतं आणि ते कुठं धडकणार हे आधी दोन-तीन दिवस कळत होतं. गावं रिकामी करायला वेळ होता. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून उतरतो. त्याची रुंदी बहुतेक वेळा काही शे मीटरच असते, आयुष्य काही मिनिटांचं. इशारा आणि तडाखा यांत सरासरी दहा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो, कधी तेवढाही नाही. तेव्हा गाव सोडून पळायचं नसतं. आहोत तिथंच योग्य खोलीत शिरायचं असतं.

तो होतो कसा, हे थोडक्यात. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकते. वरच्या थरात रॉकी पर्वताच्या बाजूनं कोरडी, थंड हवा येते. खालचा वारा एका दिशेचा आणि मंद, वरचा दुसऱ्या दिशेचा आणि जोरकस, यामुळे मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. वर चढणारी गरम हवा हे आडवं लाटणं उचलून उभं करते आणि अख्खा ढगच फिरायला लागतो. असे फिरते ढग पुष्कळ तयार होतात, पण त्यांतल्या थोड्यांतूनच टोर्नेडो जमिनीला टेकतो. नेमका कोणता टेकणार हे आधी सांगणं अजूनही अवघड आहे. म्हणून काही इशारे वाया जातात. आणि चार इशारे वाया गेले की पाचव्या वेळी माणसं उठत नाहीत.

२२ मे २०११ रोजी मिसूरीतल्या जॉप्लिन गावात पहिला सायरन वाजल्यानंतर वादळ वस्तीत शिरेपर्यंत वीस मिनिटांच्या आसपास वेळ होता. पुष्कळांनी तो खिडकीतून आकाश पाहण्यात, टीव्ही लावण्यात, शेजाऱ्याला फोन करण्यात घालवला. दुसरी काही खूण दिसल्याशिवाय हलायचं नाही, हा माणसाचा स्वभावच आहे. त्या दिवशी दीडशेहून अधिक माणसं गेली.

इशाऱ्यांची भाषा

दोन शब्द पक्के ओळखता यायला हवेत. ‘टोर्नेडो वॉच’ म्हणजे येत्या काही तासांत या भागात टोर्नेडो होण्यासारखी हवा आहे. तो ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं केंद्र देतं आणि बऱ्याच मोठ्या प्रदेशासाठी देतं. ‘टोर्नेडो वॉर्निंग’ म्हणजे रडारवर फिरता ढग दिसला आहे किंवा कुणी प्रत्यक्ष टोर्नेडो पाहिला आहे. ती स्थानिक हवामान कार्यालय देतं, नकाशावर आखलेल्या लहान तुकड्यासाठी. वॉच आला की तयारी करायची: बूट दाराशी, फोन चार्जिंगला, खोलीतली अडगळ बाहेर. वॉर्निंग आली की आत शिरायचं, त्याच मिनिटाला. ‘टोर्नेडो इमर्जन्सी’ हा तिसरा शब्द क्वचित ऐकू येतो. तो ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा सिटी आणि मूर या शहरांसाठी पहिल्यांदा वापरला गेला. त्याचा अर्थ, मोठा टोर्नेडो जमिनीवर आहे आणि दाट वस्तीकडे येतो आहे.

सायरन घराबाहेरच्या माणसांसाठी असतात. बंद खिडक्या, चालू एसी आणि गाढ झोप यांच्या पलीकडे ते ऐकू येतील असं धरून चालू नये. ‘धोका टळला’ असा वेगळा सायरनही बहुतेक गावांत नसतो. सायरन पुन्हा वाजला तर नवा इशारा आला असं समजायचं.

म्हणून घरात हवामान रेडिओ हवाच. त्यात आपल्या काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) सहा आकडी संकेत भरायचा, जमल्यास पश्चिमेच्या शेजारच्या काउंटीचाही, कारण वादळं बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात. सगळ्या राज्याचे संकेत भरले तर तो रात्रंदिवस ओरडतो आणि आठवड्याभरात कुणीतरी त्याची वायर काढून टाकतं. आत बॅटऱ्या घालून ठेवायच्या. बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या सुमारास चाचणीचा संदेश येतो. तो आला नाही तर रेडिओत काहीतरी बिघडलेलं असू शकतं. फोनवरचे सरकारी इशारे चालू ठेवावेत, पण एकट्या फोनवर विसंबू नये. दक्षिणेकडच्या राज्यांत बरेच टोर्नेडो रात्री येतात आणि रात्रीचे जास्त जीवघेणे ठरतात, कारण माणसं झोपलेली असतात.

घर पडतं कसं, यावरून खोली ठरते

टोर्नेडोची तीव्रता ‘एन्हान्स्ड फुजिता’ या मापनानं ईएफ० ते ईएफ५ अशी मोजतात. ईएफ० मध्ये वारा ताशी १०५ किलोमीटरपासून, ईएफ५ मध्ये ३२२ च्या वर. दहापैकी आठहून अधिक टोर्नेडो ईएफ० किंवा ईएफ१ असतात. म्हणजे योग्य खोलीत शिरलेलं कुटुंब बहुतेक वेळा सहीसलामत बाहेर येतं. ‘आला तर सगळंच संपलं, मग तयारी कशाला’ असं म्हणणाऱ्याला हा आकडा सांगावा.

अमेरिकेतलं साधं घर लाकडी सांगाड्याचं असतं. त्यातली सगळ्यात दुबळी जागा म्हणजे दोन गाड्यांच्या गॅरेजचं रुंद दार. ते आत दबलं की वारा घरात भरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. छपरावरून वाहणारा वारा ते वरून ओढत असतोच. वासे भिंतीला नुसत्या तिरप्या खिळ्यांनी ठोकलेले असतील तर छप्पर उचललं जातं. छपराचा आधार गेला की बाहेरच्या भिंती पत्त्यासारख्या पडतात. सगळ्यात शेवटी उभी राहते ती मधली, लहान, चारी बाजूंनी भिंती असलेली खोली: जिन्याखालची कोठी, कपड्यांचं कपाट, बिनखिडकीचं न्हाणीघर. मे २०१३ च्या टोर्नेडोनंतर मूर शहरानं २०१४ मध्ये नवीन घरांसाठी छप्पर आणि भिंत जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि ताशी २१७ किलोमीटर वारा सोसणारं गॅरेजचं दार सक्तीचं केलं, ते याचसाठी.

तर नियम असा. तळघर असेल तर तळघर. नसेल तर सगळ्यात खालचा मजला, घराचा मध्यभाग, खिडकी नाही, खोली लहान. आपण आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये जितक्या भिंती तितकं बरं. अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावं. ‘वॉर्निंग आली तर तुमच्या न्हाणीघरात येऊ का?’ हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं. नाही म्हणणारं माणूस सहसा भेटत नाही.

‘दाब समान करायला खिडक्या उघडा’ हा जुना सल्ला चुकीचा आहे. त्यानं वारा आत येतो, वेळ जातो आणि फुटत्या काचेसमोर आपण उभे राहतो. ‘तळघराचा नैर्ऋत्य कोपरा सुरक्षित’ हेही खोटं ठरलं आहे. तळघरात गेल्यावर जड टेबलाखाली बसावं. आणि वर फ्रिज किंवा पियानो कुठं आहे ते पाहून त्याच्या बरोबर खाली बसू नये.

पक्का निवारा बांधायचा असेल तर त्याची मोजमापं ठरलेली आहेत. ताशी ४०० किलोमीटर वारा सोसला पाहिजे. साधारण सात किलोचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगानं भिंतीवर किंवा दारावर आदळला तरी आरपार जाता कामा नये. घरगुती निवाऱ्यात माणशी किमान तीन चौरस फूट जागा लागते. लोक चुकतात ते दारात. भिंती काँक्रीटच्या आणि दार दुकानातलं साधं लोखंडी! चाचणीत उतरलेलं दार चौकट, तीन बिजागऱ्या आणि तीन कड्या यांच्यासह एकत्र विकलं जातं, ते तसंच घ्यावं. ओक्लाहोमात गॅरेजच्या फरशीखाली लोखंडी पेटी बसवतात, तिचं झाकण सरकतं. त्यावर ढिगारा पडला तर आतून उघडता यावं म्हणून आत गाडीचा जॅक ठेवतात. निवारा कुठं आहे हे नगरपालिकेकडे नोंदवावं आणि एका शेजाऱ्यालाही सांगावं. शोधपथकाला कुठं खणायचं हे त्यावरूनच कळतं.

मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं हलकं घर, हा वेगळा विषय आहे. त्यात राहणाऱ्याला टोर्नेडोत मरण्याचा धोका पक्क्या घरापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. दोर आणि साखळ्यांनी जमिनीला बांधलेलं असलं तरी ते घर सुरक्षित नाही. त्याच्या न्हाणीघरात लपणं व्यर्थ आहे. तिथं वॉर्निंगची वाट पाहायची नाही. वॉच आला की सार्वजनिक निवारा, नातेवाईक किंवा चर्चचं तळघर गाठायचं. ते तळघर कोण उघडतं, किल्ली कुणाकडे असते, कुत्रं चालतं का, हे कोरड्या दिवशी विचारून ठेवायचं.

गाडीत असाल तर

पुलाखाली थांबू नका. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी प्रत्येक ठिकाणी एकेक जण दगावला. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणि ढिगारा दोन्ही घुसतात, धरायला तिथं काही नसतं. २६ डिसेंबर २०१५ ला डॅलसजवळ गार्लंड भागातल्या टोर्नेडोत दहा जण गेले, त्यांतले नऊ महामार्गावर गाड्यांत होते. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनोच्या वादळात हजारो लोक गाड्या घेऊन निघाले आणि रस्ते तुंबले. तो टोर्नेडो सव्वाचार किलोमीटरपर्यंत रुंदावला होता. त्याच रात्री पावसाच्या लोंढ्यात, पावसाळी गटारात आसरा घेतलेली माणसं बुडून मेली.

जवळ पक्की इमारत असेल तर तिच्यात शिरा. अगदीच काही नसेल तर पट्टा बांधून काचेच्या पातळीखाली वाकायचं आणि डोकं झाकायचं, किंवा रस्त्यापेक्षा स्पष्ट खोल जागेत पालथं पडायचं. दोन्ही नाइलाजाचे उपाय आहेत.

आत शिरताना आणि शिरल्यावर

घरातल्या सगळ्यांनी मिळून सराव करावा, घड्याळ लावून. तीन मिनिटांत सगळे आत आणि दार बंद, हे साधायला हवं. पहिल्या सरावाला सात-आठ मिनिटं लागली तर निराश होऊ नये. वेळ कुठं जातो हे तेव्हाच कळतं: मांजर पलंगाखाली, आजोबांचा चष्मा सापडत नाही, धाकटीचे बूट भलतीकडेच. म्हणून या वस्तू आधीच खोलीत असाव्यात. पायात बंद बूट हवेत, चपला नकोत. वादळानंतरच्या पुष्कळ जखमा खिळे आणि काचांच्या असतात. डोक्याला हेल्मेट, सायकलचं असलं तरी चालेल. जीव जातो तो बऱ्याचदा डोक्याच्या मारानं. तान्ह्या बाळाला गाडीच्या सीटमध्ये पट्टे लावून ठेवावं, कारण जोराच्या झटक्यात हातातलं बाळ हातात राहत नाही. शिटी प्रत्येकाच्या गळ्यात. ढिगाऱ्याखालून ओरडून दोन मिनिटांत घसा बसतो, शिटी तासभर वाजवता येते. रोजची औषधं, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, फोनची बॅटरी.

गुडघ्यांवर बसून, पुढं वाकून, चेहरा खाली, हात मानेच्या मागं. मुलं आत, मोठी माणसं बाहेरच्या कड्याला. वरून गादी किंवा जाड रजई. न्हाणीघरात असाल तर मुलं टबमध्ये.

आता प्रार्थना

दार बंद झालं की करायचं काहीच उरत नाही. अंधार असतो, कान दुखतात, घर करकरतं. श्रद्धेची खरी जागा इथं आहे. त्या पट्ट्यातली ख्रिस्ती कुटुंबं बायबलमधलं तेविसावं किंवा एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणतात, मराठी घरात रामरक्षा किंवा मारुतिस्तोत्र येतं. त्याचा शरीरालाही उपयोग आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रजप यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावलेला आढळला. संथ श्वासानं हृदयाची लय सुधारते, हातपाय थरथरायचे थांबतात. लहान मूल शब्द ऐकत नसतं, आईच्या आवाजाची लय ऐकत असतं. म्हणून पाठ असलेलं, लयीतलं, सगळ्यांना एकत्र म्हणता येईल असं काहीतरी आधीच ठरवून ठेवावं. सरावातही म्हणावं.

निवाऱ्यात समई, निरांजन किंवा मेणबत्ती मात्र लावू नये. वादळात गॅसची नळी तुटते आणि ठिणगी पुरते. उजेड टॉर्चचाच.

मुलाला ‘देव आपल्याला काही होऊ देणार नाही’ असं वचन देऊ नये. शेजारच्या घरातलं मूल गेलं तर ते वचन त्याच्या मनात कायमचं सलतं. ‘आपण सगळे एकत्र आहोत, डोकं झाकलेलं आहे, देव आपल्याजवळ आहे’ इतकं पुरतं, आणि ते खरंही आहे.

श्रद्धेनं माणसं गाफील होतात का, यावर जुना वाद आहे. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात इलिनॉय आणि अलाबामातल्या मोजक्या स्त्रियांचा अभ्यास छापून आला. अलाबामातल्या स्त्रिया सगळं देवावर सोपवतात, म्हणून तिथं जास्त माणसं मरतात, असा त्याचा रोख होता. नंतरच्या अभ्यासकांना तो पटला नाही. दक्षिणेत मोबाइल होम जास्त, झाडी आणि टेकड्यांमुळे वादळ दुरून दिसत नाही, टोर्नेडो रात्री येतात, तळघरं कमी. ही कारणं पुरेशी आहेत आणि त्यांत कुणाच्या भक्तीचा दोष नाही.

पण ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणत सोफ्यावर बसून राहणं ही श्रद्धा नव्हे. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं आश्वासन बायबलमध्येच सैतान येशूला ऐकवतो आणि देवळाच्या टोकावरून उडी मार म्हणतो. येशू नकार देतो, देवाची परीक्षा पाहायची नाही म्हणतो. कॅन्ससमधल्या टोपेका शहरात बर्नेट्स माउंड ही टेकडी गावाला टोर्नेडोपासून राखते असा समज होता. ८ जून १९६६ ला टोर्नेडो त्याच टेकडीवरून गावात उतरला.

गोशेनचा धडा सगळ्या प्रार्थनास्थळांना आणि सभागृहांना लागू आहे. टोर्नेडोचा मुख्य हंगाम मार्च ते जून. गुढीपाडवा आणि रामनवमीचे कार्यक्रम याच दिवसांत येतात, आणि ते भाड्याच्या शाळेच्या सभागृहात होतात. छप्पर रुंद, मध्ये खांब नाही, शे-दोनशे माणसं, सगळ्यांचे फोन शांत. अशा वेळी एका कार्यकर्त्याकडे फक्त इशाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचं काम असावं, फोनचा आवाज चालू ठेवून. आतले बिनखिडकीचे बोळ आणि स्वच्छतागृहं कुठं आहेत हे सभागृह घेतानाच पाहावं आणि सुरुवातीच्या सूचनांमध्ये एका वाक्यात सांगावं. वॉच असेल तर कार्यक्रम पुढं ढकलण्याचा अधिकार कुणाला, हेही आधी ठरवावं. प्रसाद तयार असताना असा निर्णय घेणं फार जड जातं.

बाहेर आल्यावर

लगेच बाहेर पडू नका, मागून दुसरा टोर्नेडो असू शकतो. रेडिओवर इशारा संपल्याचं ऐका. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, बाहेर पडा. लोंबकळणारी तार मेलेली आहे असं समजू नका. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वादळानंतरच्या रात्री त्यानं माणसं मरतात. नातेवाइकांना फोनऐवजी संदेश पाठवा, नेटवर्कवर गर्दी असली तरी तो बहुधा पोचतो.

आणि शब्द जपून वापरा. ‘देवानं आम्हाला वाचवलं’ हे मनापासून आलेलं असतं. पण ते ऐकणारी, दोन घरं पलीकडची बाई नुकतीच आपलं माणूस घालवून बसलेली असते. तिच्याजवळ नुसतं बसावं, तिला पाणी द्यावं, छपराला ताडपत्री बांधायला मदत करावी. गोशेनच्या लोकांनी पुढच्याच रविवारी, ३ एप्रिलला, पडलेल्या चर्चसमोर पहाटेची ईस्टरची उपासना केली. उपासना चालवायला केली क्लेम उभ्या होत्या.